कोनाड्यातली मेणबत्ती

१

सेत्तिमियो खानावळवाल्या दोमितिल्लाच्या तळघरात पडलेला सापडला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते, आणि त्या तळघराची एकुलती एक किल्ली दोमितिल्लाच्याच कमरेला होती. आदल्या संध्याकाळी सहा वाजता तिने स्वतःच्या हाताने कुलूप घातलं होतं. सकाळी स्वतःच्याच हाताने काढलं. पिंपं बघायला म्हणून ती खाली उतरली, तर भिंतीशी माणूस पालथा, आणि डोक्याच्या मागचे केस रक्ताने चिकटून वाळलेले.

तिने मोलकरणीला डॉक्टरकडे पिटाळलं आणि स्वतः पावसात पलीकडच्या गल्लीत एर्सिलियाच्या दारी धावली. "तुझा भाऊ माझ्याकडे पडलाय. कसा आत आला, देव जाणे. श्वास चालू आहे, चल लवकर."

एर्सिलिया बासष्टची. गेली चाळीस वर्षं ओर्विएतोच्या संग्रहालयात ती फुटकी भांडी जोडत आली आहे. भांडी आणायचा तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा सेत्तिमियो सात वर्षांचा होता आणि तिनेच त्याला वाढवलं, तेव्हा तो भाऊ कमी आणि लेक जास्त. हे गाव उभं आहे मऊ दगडाच्या कड्यावर, आणि ज्याने त्याने आपल्या घराखाली तो दगड खोदून ठेवलाय: दारूचं तळघर, पाण्याची विहीर, वेढ्याच्या दिवसांत खायला लागतील म्हणून पाळलेल्या कबुतरांच्या कोनाड्यांची भिंत, आणि घरातला सगळा कचरा टाकायचा एक कोरडा आड. त्या आडांत सेत्तिमियो उतरायचा. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तिथे फुटकी ताटं टाकली. तळाशी रोमच्याही आधीच्या एत्रुस्क लोकांची काळी खापरं, त्यावर पोपमंडळी मुक्कामाला होती तेव्हाची हिरवी-तपकिरी, मग महामारीच्या वर्षीचा चुन्याचा थर, मग निळी-पिवळी, आणि सगळ्यात वर, शंभर वर्षांपूर्वी गावावरचं पोपचं राज्य गेलं तेव्हाच्या त्याच्या शेवटच्या शिपायांची पितळी बटणं. गावाचा इतिहास बघायचा तर एर्सिलियाच्या मते हाच खरा, कारण कचरा टाकताना कोणी मोठेपणा मिरवत नाही.

तळघराच्या दाराशी आणखी दोघं आली. एक नगरपालिकेचा मोजणीदार ओरेस्ते. गावाखालच्या गुहांचे नकाशे त्याच्या ताब्यात असतात. दुसरा माएस्त्रो लेआंद्रो. दोमितिल्लाच्या खानावळीला लागूनच शाळा, आणि शाळेच्या वरच्या मजल्यावर माएस्त्रो राहतो. तीस वर्षांपूर्वी दूर उत्तरेतल्या तोरिनोहून आलेला हा मास्तर. अर्ध्या गावाला त्याने अक्षरं शिकवली आणि उरलेला वेळ गावाचा इतिहास लिहिण्यात घातला. येत्या रविवारी त्या पुस्तकाचं प्रकाशन, आणि त्याच दिवशी नगरपालिका त्याला मानाचं नागरिकत्व देणार होती. आरडाओरडा ऐकून तो छत्री न घेताच आला होता.

चौघं मेणबत्त्या घेऊन खाली उतरली. बावन्न पायऱ्या. शेवटच्या पायरीवर एर्सिलियाचा पाय टेकला आणि मागून आधी मातीचा सरसर आवाज आला, मग साऱ्या जिन्याने आ वासला. तीन दिवसांच्या पावसाने मऊ झालेलं छत वरपासून खालपर्यंत कोसळलं.

२

धूळ बसायला बराच वेळ गेला. चौघांपैकी कोणाला लागलं नव्हतं, पण खालच्या एक-दोन पायऱ्या सोडल्या तर जिना राहिलाच नव्हता. ढिगाऱ्याच्या पलीकडून मोलकरणीचा आवाज आला, मग पुरुषांचे. अग्निशमनवाले बोलावलेत, पण वरचं छत अजून सुटतंय, संध्याकाळपर्यंत हात लावता येणार नाही, असं कोणीतरी ओरडून सांगितलं.

एर्सिलियाचं लक्ष भावाकडे होतं. त्याचा श्वास घरघरत होता आणि पापण्या उघडून पाहिल्या तर डोळ्याची एक बाहुली मोठी, एक लहान. संध्याकाळपर्यंत हा टिकणार नाही, हे तिला कळलं. रडायला फुरसत नव्हती.

त्यात ऑक्टोबर महिना. आठ पिंपांत नवा द्राक्षरस आंबत होता, आणि शांतता झाली तशी त्याची बुडबुड ऐकू येऊ लागली. या दिवसांत त्यातून जड हवा सुटते आणि जमिनीवर पाण्यासारखी साचते. गावात दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी तिच्यात जातोच. म्हणून रस आंबताना तळघरात उतरायचं तर मेणबत्ती गुडघ्याच्या खाली धरायची, ठेवायची तर जमिनीवर, आणि ती विझली की काम टाकून पळायचं. पण आता पळणार कुठे?

दोमितिल्लाने आपली मेणबत्ती पिंपापाशी जमिनीवर टेकवली. ओरेस्तेने त्याची खालच्या पायरीवर. माएस्त्रोने समोरच्या भिंतीतल्या एका कोनाड्यात ठेवली, डोळ्यांच्या उंचीवर. एर्सिलियाने ते पाहिलं. त्या कोनाड्याच्या शेजारच्याच कोनाड्यात, त्याच उंचीवर, आणखी एक मेणबत्ती पार तळापर्यंत जळून गेलेली होती. नुसतं मेणाचं थारोळं उरलं होतं.

"ती सेत्तिमियोची असणार," माएस्त्रो हळू आवाजात म्हणाला. "बिचारा. चोरकिल्ली करून आत आला असेल, आडाच्या नादात. जड हवेने भोवळ आली आणि डोकं आपटलं."

दोमितिल्लाने नुसतं नाक उडवलं. तेवढ्यात तिच्या पायाशी ठेवलेली मेणबत्ती बारीक झाली आणि विझली.

३

पिंपं ठेवायच्या लाकडी माचावर एक जागा रिकामी होती. तिघांनी सेत्तिमियोला उचलून तिथे, छातीएवढ्या उंचीवर निजवलं. माएस्त्रोने आपला कोट काढून त्याच्या डोक्याखाली दिला.

मग एर्सिलियाने विचारपूस सुरू केली. तिचा आवाज चढला नाही. फुटक्या भांड्याशी ती बोलते तसंच ती माणसांशी बोलते, एकेक तुकडा उचलून कड बघत.

दोमितिल्लाने सरळ कबूल केलं की सेत्तिमियोशी तिचं भांडण झालं होतं. तिच्या आडात त्याला उतरायचं होतं आणि ती म्हणत होती, आधी पिंपांखालची फरशी खचेल, मग तुझी खापरं घेऊन मी काय चाटू? तिने आडाचं तोंड दाखवलं. वर फळ्या, फळ्यांवर धुळीचा थर, वर्षानुवर्षांचा. "मी मारलं असतं तर वरच्या वर मारलं असतं, एर्सिलिया. माणूस उचलून बावन्न पायऱ्या उतरायला माझे गुडघे आहेत कुठे?"

ओरेस्तेनेही भांडण नाकारलं नाही. परवानगीशिवाय खोदतोस म्हणून त्याने सेत्तिमियोला दोनदा दटावलं होतं. काल तो न्हाव्याकडे दहापर्यंत पत्ते खेळत होता आणि हरला, हे सगळ्या गल्लीला माहीत. या तळघराला दुसरा रस्ता आहे का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने मान हलवली. नकाशात नाही. नकाशा त्याच्या आजोबांच्या वेळचा, त्याआधीचं कोणी मोजलंच नव्हतं.

माएस्त्रो म्हणाला की तो संध्याकाळभर पुस्तकाची शेवटची पानं तपासत बसला होता आणि पावसात कोणी आलेलं-गेलेलं त्याने पाहिलं नाही. बोलताना त्याची नजर पुन्हा पुन्हा माचाकडे जात होती. काळजीनेच, असं कोणालाही वाटलं असतं.

एर्सिलिया उठली आणि भाऊ जिथे पडला होता तिथे गेली. फरशीवर रक्ताचा थेंब नव्हता. एवढी मोठी जखम, आणि खाली काही नाही. तिने मेणबत्ती जमिनीला टेकवली आणि वाट पाहिली. पिंपापाशी ज्योत क्षणात मेली होती. इथे, चार पावलांवर, ती जळत राहिली. आणि नुसती जळत नव्हती, भिंतीच्या बाजूला झुकत होती.

"जड हवा इथून कुठेतरी वाहून जातेय," ती म्हणाली. "म्हणून हा रात्रभर जमिनीवर राहून जगला. या भिंतीत वाट आहे."

४

मग सगळे भिंतीला भिडले. कोनाडे शेकड्यांनी होते, ओळीवर ओळी, प्रत्येकात हातभर खोल अंधार. तळाशी एका लांब शिळेच्या कडेला बोटभर फट होती आणि हवा तिथून खेचली जात होती, पण शिळा हलेना. ओरेस्तेने पहारीसारखा एक लोखंडी गज लावला तर गजच वाकला. वेढ्याच्या काळात केलेली असली दारं नुसती ढकलून उघडत नाहीत, कुठल्यातरी कोनाड्यात लपवलेला अडणा असतो, असं तो घाम पुसत म्हणाला. माएस्त्रोही दुसऱ्या टोकाला एकेक कोनाडा हाताने चाचपत होता, अगदी मन लावून.

पायरीवरची ओरेस्तेची मेणबत्ती विझली. सेत्तिमियोच्या घशातली घरघर वाढली होती.

एर्सिलिया माचापाशी गेली आणि भावाचा हात हातात घेताना त्याच्या खिशात काहीतरी टोचलं. तीन खापरं. तिने ती अंगठ्याने पुसली. दोन एका निळ्या-पिवळ्या ताटाची होती, मागच्या बाजूला भाजल्यानंतर टोकदार काहीतरी घेऊन ओरखडलेला छोटा क्रूस. अशी खूण मठातल्या जोगिणी करत, आपलं ताट दुसरीच्या हाती जाऊ नये म्हणून. खानावळीच्या आडात जोगिणींची ताटं येणार कुठून? मठ होता शेजारी. शंभर वर्षांपूर्वी सरकारने मठ ताब्यात घेतला आणि तिथे शाळा भरवली.

तिसरं खापर हिरवं-तपकिरी होतं. त्याच्या चिखलात एक पितळी बटण रुतून बसलं होतं, पोपच्या शिपायाचं.

ते खापर तिने ओळखलं. दोन वर्षांपूर्वी माएस्त्रोने शाळेखालच्या आडातून एक हिरवं-तपकिरी ताट काढलं होतं. त्यावर गावाचं चिन्ह आणि साल. त्या सालाने सिद्ध होत होतं की असली ताटं सगळ्यांच्या आधी इथे घडली, शेजारच्या व्हितेर्बो गावाच्या नाकावर टिच्चून. गाव आनंदाने वेडं झालं होतं. माएस्त्रोचं सगळं पुस्तक त्या ताटावर उभं होतं. ते ताट जोडलं होतं एर्सिलियाने. एक तुकडा मिळाला नव्हता, काठावरचा, अंगठ्याएवढा. तो आता तिच्या तळहातावर होता, शंभर वर्षांपूर्वीच्या बटणाच्या थरात पुरलेला. सहाशे वर्षांचं खापर आडात इतकं वर येत नाही. ताट नवंच घडवून, फोडून कोणीतरी ते अलीकडेच वरून टाकलं होतं.

आणि खरं सांगायचं तर तेव्हाच तिला कळलं होतं. ताट जोडताना कडा हाताला लागल्या होत्या, नव्या, धारदार. सहाशे वर्षं मातीत राहिलेली कड अशी नसते. पण सबंध गाव हरखलं होतं, माएस्त्रोने तिच्या लेकीला शिकवलं होतं, आणि ती गप्प राहिली.

आताही ती गप्पच राहिली. खापरं तिने खिशात टाकली. ज्याला वाट माहीत आहे त्याचं नाव तिला कळलं होतं, पण नाव घेऊन तो दार उघडणार नव्हता. उलट जेवढा उशीर होईल तेवढं त्याचं भलं होतं. सेत्तिमियो उठलाच नाही की सगळं मिटलं.

५

ती भिंतीपाशी गेली आणि कोनाड्यातून माएस्त्रोची मेणबत्ती उचलली.

"हवा कुठवर चढलीय बघू या," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर मेणबत्ती हळूहळू खाली आणू लागली. खांद्याशी आली, जळत होती. छातीशी आली, आणि विझली.

अंधारात फक्त तिच्या स्वतःच्या मेणबत्तीचा एक ठिपका राहिला, उंच फळीवर. 

दोमितिल्लाचा जन्म पिंपांत गेला होता. हवा छातीपर्यंत चढली असती तर नाकात मिरची घासल्यासारखं झालं असतं, डोकं गरगरलं असतं, आणि माचावरचा माणूस केव्हाच गेला असता. तिच्या नाकाला तसलं काहीच जाणवत नव्हतं. तिने एर्सिलियाकडे पाहिलं, वात चिमटीत विझवायला एर्सिलियाने ओला केलेला अंगठा पाहिला, आणि क्रूसाची खूण करत धपकन पायरीवर बसली. ओरेस्ते काही बोलायला तोंड उघडणार तोच तिने त्याच्या पायावर आपली टाच ठेवली.

"घटकाभर," दोमितिल्ला म्हणाली, "फार तर. माझा सासरा असाच गेला."

माएस्त्रो विझलेल्या मेणबत्तीकडे बघत होता. जड हवेबद्दल त्याच्या पुस्तकात अख्खं प्रकरण होतं, सालवार मेलेल्यांच्या नावांसकट. पण त्याने आयुष्यात कधी द्राक्षं तुडवली नव्हती. तो एकदा गळ्याला हात लावून खोकला. मग झटक्याने वळला, इतका वेळ चाचपत होता त्या टोकाला गेलाच नाही, सरळ मधल्या भागात आला, तिसऱ्या ओळीतल्या सातव्या कोनाड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि काहीतरी ओढलं. लाकूड करकरलं. तळाची शिळा हातभर आत सरकली.

तो वाकून आत घुसणार तोच ओरेस्ते त्याच्या आडवा उभा राहिला.

"मेणबत्ती मी विझवली, माएस्त्रो," एर्सिलिया म्हणाली. "हवा अजून गुडघ्याखालीच आहे. इथल्या गावकऱ्याला हे नाकाने कळतं. कालही तुम्ही मेणबत्ती वरच ठेवलीत, वाचायला ठेवतात तशी. सेत्तिमियोने ती जमिनीवर ठेवली असती, आणि विझल्यावर अर्धी उरली असती. तुमची तळापर्यंत जळली."

तिने तळहात पुढे केला. काठाचा तुकडा आणि बटण.

"हा तुमच्या आडात होता. तुम्हीच वरून टाकलेला."

 माएस्त्रो म्हणाला की त्याने मारलं नाही. सेत्तिमियो शाळेखालच्या आडातून तुकडा घेऊन वर निघाला होता, माएस्त्रोने बाही धरली, झटापट झाली आणि सेत्तिमियो मागच्या मागे दगडावर आदळला. जुन्या कागदांत या वाटेचा उल्लेख त्याला सापडला होता. "मला वाटलं, तो गेला. गेलेल्याला कुठे ठेवलं काय. लोक म्हणाले असते, हवेने नेला. तीस वर्षं, एर्सिलियाबाई. तीस वर्षं मी या गावासाठी लिहिलं, आणि अजून मला बाहेरचाच म्हणतात. रविवारी ते संपणार होतं."

"काल तुम्हाला वाटलं तो गेला, हे मानते मी," ती म्हणाली. "आज सकाळी त्याच्या डोक्याखाली कोट सरकवलात तेव्हा? तेव्हा तर श्वास चालू होता. आणि वाट तुम्हाला माहीत होती."

 ओरेस्ते आणि माएस्त्रो, दोघांनी मिळून सेत्तिमियोला त्या बोळातून नेलं. एर्सिलिया पुढे मेणबत्ती धरून चालली, गुडघ्याच्या खाली. बोळ शाळेच्या तळघरात निघाला, आणि तिथून वरच्या वर्गात. मुलं पाढे म्हणायची थांबली आणि मातीने माखलेल्या आपल्या मास्तरकडे बघत उभी राहिली.

६

सेत्तिमियोला सहाव्या दिवशी धड बोलता आलं. रविवार होऊन गेला होता. प्रकाशन झालं नाही, माएस्त्रो पोलिसांच्या ताब्यात होता, आणि खानावळीत लोक एकमेकांशी न बोलता जेवत होते. काही जणांचा राग माएस्त्रोवर होता, काही जणांचा सेत्तिमियोवर. ताट खोटं निघालं, याचं दुःख सगळ्यांना सारखंच.

एर्सिलिया इस्पितळात भावाला चमच्याने सार भरवत होती. मनातलं सांगायचं तिने सहा दिवस टाळलं होतं. शेवटी वाटी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, की ताट खोटं आहे हे जोडतानाच तिच्या बोटांना कळलं होतं आणि ती बोलली नाही.

सेत्तिमियो छताकडे बघत पडून होता.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "तू जोडलंस आणि तुला कळलं नाही, असं कसं होईल? म्हणून तर तुकडा शोधायला गेलो. तुकडाच समोर ठेवला असता म्हणजे तुला गप्प बसता आलं नसतं."

"मग मला सांगून का नाही गेलास? शाळेखाली जातोय एवढं बोलला असतास तर रात्रीच आले असते. रात्रभर तू तिथे..." 

"तू माएस्त्रोला सांगशील, अशी भीती वाटली," सेत्तिमियो म्हणाला.

 वाटीतलं सार गार झालं होतं. तिने ते गरम करून मागवलं. मग पुन्हा त्याच्या उशाशी बसून त्याला उरलेलं सगळं भरवलं.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय उघडायच्या आधी तिने ताट कपाटातून काढलं. तुकडा त्याच्या जागी बसवून पाहिला. बरोबर बसला, केसाएवढीही फट नाही. तिने तो चिकटवला नाही. ताट परत कपाटात ठेवलं, तुकडा आणि बटण शेजारी, आणि खालची जुनी चिठ्ठी काढून टाकून नवी लिहिली. कुठे सापडलं, कोणत्या थरात, कोणी काढलं. शेवटच्या ओळीत, जोडताना खोटेपणा कोणाच्या लक्षात आला होता आणि कोण गप्प बसलं, तेही लिहिलं. त्याखाली आपलं पूर्ण नाव घातलं आणि कपाटाला कुलूप लावलं.